चार्ट चुकतोय की फीड? बिघाड नेमका कुठे आहे हे शोधण्याची रीत

मुंबईत एक्स्चेंजच्या (शेअर बाजाराच्या) सर्व्हरवर सौदा होतो आणि बेळगावच्या टिळकवाडीत किंवा निपाणीत कुणाच्या तरी पडद्यावर कँडल, म्हणजे ठरावीक वेळेतले भाव दाखवणारा उभा ठोकळा, हलते. मधे चार टप्पे आहेत: एक्स्चेंज, डेटा पुरवणारा ब्रोकर किंवा व्हेंडर (त्याच्याकडून येणारा भावांचा प्रवाह म्हणजे फीड), तुमची इंटरनेटची लाइन आणि चार्टचं सॉफ्टवेअर. चार्टवर काही विचित्र दिसलं की यातला एखादा टप्पा बिघडलेला असतो. किंवा काहीच बिघडलेलं नसतं, चार्ट त्याच्या नियमाप्रमाणे बरोबरच चाललेला असतो आणि तो नियम आपल्याला माहीत नसतो. हा दुसरा प्रकार वाटतो त्यापेक्षा बराच जास्त आढळतो. म्हणून सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकणं, इंडिकेटर बदलणं, ब्रोकरच्या नावाने बोटं मोडणं हे सगळं नंतर. आधी टप्पा ओळखायचा.

बाजार चालू असताना करायची तपासणी

मार्केटवॉचमध्ये ‘एलटीटी’ नावाचा कॉलम जोडता येतो. शेवटचा सौदा कधी झाला ती वेळ तिथे दिसते, आणि ती वेळ एक्स्चेंजकडून येते. ती तुमच्या कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडून बघा. मात्र हे रिलायन्स, स्टेट बँक अशा दर सेकंदाला सौदे होणाऱ्या शेअरवरच करायचं. उगार शुगरसारख्या शेअरमध्ये दोन-तीन मिनिटं सौदाच झाला नाही तर एलटीटी जुनी दिसणारच, त्यात फीडचा काही दोष नाही.

रिलायन्सची एलटीटी घड्याळाच्या दोन सेकंदांच्या आत असेल तर फीड ठीक आहे, बिघाड चार्टमध्ये शोधा. ती वीस-तीस सेकंद मागे असेल तर आधी स्वतःचं घड्याळ तपासा. विंडोजमध्ये सेटिंग्जमधून ‘टाइम अँड लँग्वेज’, मग ‘डेट अँड टाइम’, तिथे ‘सिंक नाऊ’. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा बटनसेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ मागे पडतं आणि सगळ्या कँडल चुकीच्या मिनिटात जाऊन बसतात. घड्याळ बरोबर असूनही एलटीटी मागे असेल तर त्याच ब्रोकरचं ॲप मोबाइल डेटावर उघडा, वायफाय बंद करून. मोबाइलवर भाव पुढे धावत असेल तर दोष तुमच्या ब्रॉडबँडचा. दोन्हीकडे सारखाच मागे असेल तर ब्रोकरच्या किंवा एक्स्चेंजच्या बाजूला अडलंय. तेव्हा नवा सौदा टाकायच्या फंदात पडू नका.

याच वेळी सिम्बॉलही नीट वाचा. एनएसईचा चार्ट उघडायचा म्हणून बीएसईचा उघडलेला असतो, चालू महिन्याच्या फ्युचरऐवजी (वायद्याऐवजी) पुढच्या महिन्याचा असतो, किंवा डेटा पंधरा मिनिटं उशिराचा असतो आणि सिम्बॉलशेजारी तशी खूण स्पष्ट दिसत असते. गोकाक टेक्स्टाइल्ससारखा बीएसईवरचा शेअर एनएसईच्या यादीत शोधत बसलात तर नावाशी मिळतंजुळतं भलतंच काहीतरी उघडेल.

वीज गेली, लाइन तुटली, आणि खोटा ‘व्हॉल्यूम ब्रेकआउट’

खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात जून ते सप्टेंबर वीज आणि लाइन यांचा भरवसा धरून चालत नाही; बेळगाव शहरातही इन्व्हर्टरवर जाताना राउटर क्षणभर बंद पडतो. लाइट लगेच येते, राउटर मात्र उठून पुन्हा जोडला जायला दोन-तीन मिनिटं घेतो. त्या दोन-तीन मिनिटांत चार्टवर काय होतं ते नीट समजून घेतलं तर पुष्कळ पैसे वाचतील.

ब्रोकरच्या फीडमध्ये व्हॉल्यूम (किती शेअरचे सौदे झाले तो आकडा) ‘या मिनिटाचा’ म्हणून येत नाही. दिवसभराचा एकूण आकडा येत राहतो आणि सॉफ्टवेअर आधीचा आकडा वजा करून मिनिटाचा व्हॉल्यूम काढतं. समजा ११:०२ ला एकूण व्हॉल्यूम १२,४०,००० होता आणि लाइन तुटली. ११:०९ ला जोडणी परत आली तेव्हा एकूण आकडा १३,१५,०००. सॉफ्टवेअर वजाबाकी करतं आणि ७५,००० शेअर एकट्या ११:०९ च्या कँडलमध्ये टाकून मोकळं होतं. आधीच्या मिनिटांत सरासरी दहा-अकरा हजारांचे बार, आणि मधेच सातपट उंच बार. भावही सात मिनिटांत जो काही सरकला असेल तो एकाच कँडलमध्ये उडी म्हणून दिसतो. मोठ्या व्हॉल्यूमने गॅप वर, असं चित्र तयार झालं, स्कॅनरने अलर्ट दिला, माणसाने खरेदी केली. प्रत्यक्षात बाजारात काहीही घडलेलं नसतं.

उपाय सोपा आहे. जोडणी परत आल्यावर चार्ट रिफ्रेश करा किंवा बॅकफिल मागवा, म्हणजे मधली मिनिटं सर्व्हरवरून भरून येतात आणि तो उंच बार वितळतो. वेबवरच्या चार्टला पान पुन्हा लोड करणं पुरतं. ॲमीब्रोकरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये रिअल-टाइम प्लगइनच्या खुणेवर उजवी क्लिक करून बॅकफिल द्यावा लागतो, आणि तुमचा व्हेंडर बॅकफिल देतो की नाही, किती दिवसांचा देतो, हे पैसे भरायच्या आधी विचारायचं. नाही देत म्हणाला तर तो घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. घरच्या मोठ्या इन्व्हर्टरपेक्षा ट्रेडरला त्याचा उपयोग जास्त. फायबर असेल तर भिंतीवरच्या ओएनटी डब्यालाही तोच बॅकअप द्यायला विसरू नका, नाहीतर राउटर जिवंत आणि लाइन मेलेली.

लाइन तुटली तरी तुमचा स्टॉपलॉस (तोटा ठरावीक भावाला थांबवणारी ऑर्डर) कुठे राहतो हे ठाऊक असायला हवं. एसएल (स्टॉपलॉस) ऑर्डर एक्स्चेंजवर जाऊन बसते. तुमच्याकडे अंधार झाला तरी ती चालते. जीटीटी, म्हणजे ठरलेला भाव येईपर्यंत थांबून राहणारी ऑर्डर, ब्रोकरच्या सर्व्हरवर असते. ब्रोकरचं फीड अडलं तर ती अडते. ट्रेडिंगव्ह्यू या वेबवरच्या चार्टचा अलर्ट त्यांच्या सर्व्हरवर चालतो, पण ॲमीब्रोकरचा अलर्ट तुमच्या कॉम्प्युटरवर, म्हणजे वीज गेली की तोही गेला. मोबाइलच्या नोटिफिकेशनवर विसंबून असाल तर अँड्रॉइडमध्ये त्या ॲपसाठी बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, नाहीतर फोन खिशात झोपतो आणि अलर्ट अर्ध्या तासाने येतो.

‘माझा स्टॉपलॉस उडाला, चार्टवर तर तो भाव आलाच नाही’

ही तक्रार सगळ्यात जास्त, आणि बहुतेक वेळा कुणी फसवलेलं नसतं. ब्रोकरचं फीड म्हणजे प्रत्येक सौदा नव्हे. एका सेकंदात शंभर सौदे झाले असले तरी तुमच्यापर्यंत एक-दोन ‘फोटो’ येतात, त्या क्षणीच्या भावाचे. प्रत्येक सौद्याची टिक-बाय-टिक फीड एक्स्चेंज वेगळी विकतं, ती घरगुती लाइनवर येत नाही. दोन फोटोंच्या मधे भाव ८७.३० ला टेकून वर आला असेल तर तुमच्या पडद्यावरची कँडल ८७.४५ लाच थांबते. तुमची एसएल ऑर्डर एक्स्चेंजवर होती, तिने ८७.३० बघितला.

पडताळा असा घ्या. ब्रोकरच्या ट्रेडबुकमधून सौद्याची वेळ आणि ट्रेड नंबर काढा. संध्याकाळी एनएसईच्या संकेतस्थळावर ट्रेड व्हेरिफिकेशनची सोय आहे, तिथे तो सौदा शोधा. मग चार्ट पुन्हा लोड करा: अनेकदा सर्व्हरवरच्या जुन्या डेटात तो ८७.३० चा लो दिसतो, कारण तो अधिक संपूर्ण फीडवरून बनलेला असतो. थेट बनलेली कँडल आणि नंतर मागवलेली कँडल यात थोडा फरक पडतो, तो असाच. एनएसईवर ऑर्डर आणि बीएसईचा चार्ट हेही कारण नेहमी निघतं.

बंद भाव दोन असतात

साडेतीनला शेवटचा सौदा ४१.२० ला झाला, दिवसाच्या चार्टवर बंद ४१.५५. सॉफ्टवेअर बिघडलं? नाही. एनएसईचा अधिकृत बंद भाव म्हणजे ३:०० ते ३:३० या अर्ध्या तासातल्या सौद्यांची व्हॉल्यूमने तोललेली सरासरी. शेवटचा सौदा ही वेगळी गोष्ट. भावकॉपीत (एक्स्चेंज रोज देतं त्या दिवसाच्या भावांच्या फाइलीत) ‘क्लोज’ आणि ‘लास्ट’ असे दोन वेगळे कॉलम असतात ते यासाठीच. उद्याची टक्केवारी आणि सर्किटची मर्यादा (शेअर दिवसात जास्तीत जास्त किती वर-खाली जाऊ शकतो ती) ‘क्लोज’वरून ठरते.

ज्या सॉफ्टवेअरमध्ये दिवसाची कँडल मिनिटांच्या डेटातून जोडली जाते तिथे बंद म्हणून ‘लास्ट’ येतो. ज्यात भावकॉपी भरता तिथे ‘क्लोज’ येतो. एकाच शेअरचा दोन ठिकाणचा आरएसआय (भावाचा जोर मोजणारा इंडिकेटर) थोडा वेगळा दिसण्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं. कुठला बरोबर हा वाद घालू नका. एक निवडा आणि सगळ्या शेअरना तोच ठेवा. आमचं मत: पोझिशनल (सौदा काही दिवस-आठवडे धरून ठेवण्याचं) काम करणाऱ्याने भावकॉपीचा ‘क्लोज’ धरावा.

निर्देशांकात हा फरक जास्त बोचतो. निफ्टीचा अधिकृत बंद पन्नास कंपन्यांच्या तोललेल्या बंद भावांवरून निघतो आणि एक्स्पायरीची (करार संपण्याच्या दिवसाची) सेटलमेंट त्यावरच होते. साडेतीनला चार्टवर २४,०१२ दिसतोय म्हणून २४,००० चा कॉल (निर्देशांक त्या पातळीच्या जितका वर बंद होईल तितके पैसे देणारा ऑप्शन) बारा रुपयांचा समजून हातात ठेवला आणि अधिकृत बंद २३,९९६ निघाला तर कॉल शून्य. एक्स्पायरीच्या दिवशी शेवटच्या अर्ध्या तासात पडद्यावरच्या आकड्यापेक्षा त्या अर्ध्या तासाची सरासरी कुठे रेंगाळली आहे ते बघायचं. आणि एक्स्पायरीचा वारही तपासा: निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी सप्टेंबर २०२५ पासून गुरुवारऐवजी मंगळवारी, सेन्सेक्सची मंगळवारऐवजी गुरुवारी झाली. जुन्या टेम्पलेटमध्ये किंवा बॅकटेस्टच्या (पद्धत जुन्या डेटावर तपासण्याच्या) कोडमध्ये ‘गुरुवार’ पक्का लिहिलेला असेल तर निकाल निरर्थक.

उघडण्याच्या भावाचंही तसंच. ९:०० ते ९:१५ च्या प्री-ओपनमध्ये ठरलेला भाव हा दिवसाचा ‘ओपन’. ९:१५ च्या पहिल्या कँडलचा ओपन वेगळा असू शकतो. काही व्हेंडर प्री-ओपनचा व्हॉल्यूम ९:०७-९:०८ च्या वेगळ्या कँडलमध्ये टाकतात. ती दिसली तर सत्राची सुरुवात ९:१५ अशी फिल्टर लावून काढा. नव्या लिस्टिंगच्या दिवशी सौदे दहाला सुरू होतात, तेव्हा त्या दिवशी ९:१५ ची कँडल नसणं हा दोष नाही.

३७५ मिनिटांचं गणित

बाजार रोज ३७५ मिनिटं चालतो. ही संख्या साठने भागली जात नाही, आणि त्यातून तासाच्या चार्टचे सगळे घोळ निघतात. ९:१५ पासून तास मोजले तर सहा पूर्ण कँडल आणि शेवटची १५ मिनिटांची शेपटी. घड्याळाच्या तासाने मोजले तर पहिली कँडल ४५ मिनिटांची, शेवटची ३० मिनिटांची. दोन्हीकडे कँडल सातच, पण आतला माल वेगळा. मित्राच्या चार्टवर तासाचा क्रॉसओव्हर (दोन सरासऱ्यांच्या रेघा छेदण्याचा सिग्नल) आला आणि तुमच्यावर नाही, याचं कारण इथे बघा. ॲमीब्रोकरमध्ये प्रेफरन्सेसच्या इंट्राडे टॅबमध्ये मिनिटांचे बार बाजाराच्या वेळेशी जुळवण्याचा पर्याय आहे. त्याच टॅबमध्ये कँडलला सुरुवातीची वेळ द्यायची की शेवटची, हेही ठरतं. दोन सॉफ्टवेअरमध्ये ते उलट असेल तर सगळा चार्ट एका कँडलने सरकलेला भासतो.

३७५ ला नीट भागणारे टाइमफ्रेम: १, ३, ५, १५, २५, ७५ आणि १२५ मिनिटं. तासाऐवजी ७५ मिनिटांचा चार्ट वापरला तर रोज बरोबर पाच सारख्या कँडल मिळतात, आणि एकट्या शेपटीच्या कँडलवर खोटे सिग्नल येणं थांबतं. अर्ध्या तासाच्या चार्टलाही शेपटी असते, ते बरेच जण विसरतात. चार तासांचा चार्ट आपल्या शेअर बाजाराला मुळात शोभत नाही.

पातळ शेअरमध्ये आणखी एक भर. ज्या मिनिटात सौदा नाही त्या मिनिटाची कँडल काही सॉफ्टवेअर बनवतच नाही, काही आधीच्या भावाची आडवी रेघ ओढतं. पहिल्या प्रकारात ‘२० कँडलची सरासरी’ म्हणजे कधी २० मिनिटं तर कधी सव्वा तास. अशा शेअरचा एक मिनिटाचा चार्ट बघूच नये. आणि शेअर सर्किटला बंद असेल तरही कँडल आडव्या रेघा होतात. मार्केट डेप्थमध्ये एका बाजूला ढीग आणि दुसरी बाजू रिकामी दिसली की फीड अडकली नाही, शेअर अडकलाय.

बोनस, स्प्लिट, डिमर्जर: रातोरात पडलेला खड्डा

शेअर एका रात्रीत निम्मा झाला आणि बातमी काहीच नाही, तर आधी कॉर्पोरेट ॲक्शन (बोनस, स्प्लिट यांसारखा कंपनीचा निर्णय) बघा. टाटा स्टीलचा १० रुपये दर्शनी किमतीचा शेअर जुलै २०२२ मध्ये १ रुपयाचा झाला, रिलायन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये १:१ बोनस दिला. चार्टवर हे दिसू नये म्हणून मागचे सगळे भाव गुणकाने भागतात. १० चे १ झाले तर १० ने. १:१ बोनसला २ ने. २:१ बोनस म्हणजे एकावर दोन नवे, तेव्हा ३ ने. इथे हमखास चूक होते.

वेबवरच्या चार्टमध्ये हे आपोआप होतं, पण एक-दोन दिवस उशिरा होऊ शकतं. स्वतःच्या कॉम्प्युटरवर डेटा साठवणाऱ्यांना मात्र लक्ष ठेवावं लागतं. व्हेंडरचा नवा बॅकफिल भागलेला येतो, तुमच्याकडचा जुना डेटा न भागलेला राहतो आणि जिथे दोन्ही जुळतात तिथे पायरी दिसते. पायरी बाजाराच्या स्प्लिटच्या तारखेला नसून भलत्याच तारखेला असेल तर हेच झालंय. त्या सिम्बॉलचा सगळा डेटा काढून पूर्ण बॅकफिल घ्या. बॅकफिल पुरेसा मागे जात नसेल तर ॲमीब्रोकरच्या सिम्बॉल मेन्यूमध्ये स्प्लिटचा पर्याय आहे, तिथे तारीख आणि गुणोत्तर द्या. तेच गुणोत्तर दोनदा दिलं तर जुने भाव दोनदा भागले जातील, म्हणून आधी डेटाबेसची कॉपी करून ठेवा. व्हॉल्यूमही त्याच पटीने वाढवला गेलाय का ते बघा. भाव भागला आणि व्हॉल्यूम तसाच राहिला तर स्प्लिटनंतर ‘प्रचंड व्हॉल्यूम’ आल्याचा भास होतो.

स्प्लिटनंतर शेअरचा आयएसआयएन (प्रत्येक शेअरचा ओळख क्रमांक) बदलतो. आयएसआयएनवर सिम्बॉल जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्या दिवसापासून चार्ट थांबतो. कंपनीचं नाव बदललं की सिम्बॉल बदलतो: झोमॅटोचा सिम्बॉल एप्रिल २०२५ मध्ये इटर्नल झाला. आणि शेअर नेहमीच्या ‘ईक्यू’मधून ‘बीई’ (फक्त डिलिव्हरीच्या) सिरीजमध्ये गेला तर फक्त ‘ईक्यू’ वाचणारी स्क्रिप्ट त्याला सोडून देते. चार्ट अचानक थांबला तर या तिन्ही गोष्टी याच क्रमाने बघा.

डिमर्जर सगळ्यात अवघड. २० जुलै २०२३ ला रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली. आदल्या दिवशीचा बंद २,८४१.८५, खास प्री-ओपनमध्ये ठरलेला भाव २,५८०, फरक २६१.८५ हा जिओ फायनान्शियलचा. गुणक २,५८० भागिले २,८४१.८५, म्हणजे साधारण ०.९०८. काही व्हेंडर हा गुणक लावतात, काही लावत नाहीत. परिणाम असा की जुना २,००० चा आधार एका चार्टवर २,००० ला आणि दुसऱ्यावर १,८१६ च्या आसपास. टाटा मोटर्सच्या ऑक्टोबर २०२५ मधल्या डिमर्जरनंतरही हीच तऱ्हा. एखाद्या यूट्यूबवाल्याने सांगितलेली पातळी तुमच्या चार्टवर जुळत नसेल तर त्याला शिव्या देण्याआधी हे पाहा. साधा डिव्हिडंड बहुतेक चार्टवर वजा केलेला नसतो. ट्रेडिंगव्ह्यूमध्ये त्यासाठी वेगळा पर्याय आहे आणि तो चुकून चालू राहिला तर जुने सगळे भाव भावकॉपीपेक्षा खाली दिसतात.

रायबाग-अथणीकडे हळदीचा एनसीडीईएक्स या शेतमालाच्या एक्स्चेंजवरचा वायदा बघणाऱ्यांनी ‘कंटिन्युअस’ चार्टपासून सावध राहावं. जुना करार संपून नवा जोडला जातो तिथे जो गॅप दिसतो तो दोन महिन्यांच्या भावातला फरक असतो, बाजार उसळलेला नसतो. ‘बॅक-ॲडजस्ट’ चालू केलं तर गॅप जातो, पण मग मागचे आकडे खरे राहत नाहीत. कल बघायला बॅक-ॲडजस्ट, भाव बघायला सुट्या कराराचा चार्ट.

इतिहास किती आहे, त्यावर इंडिकेटर किती खरा

ट्रेडिंगव्ह्यूच्या फुकट खात्यात एका चार्टवर सुमारे ५,००० कँडल मिळतात. रोजच्या ३७५ ने भागा: एक मिनिटाचे जेमतेम तेरा दिवस. पाच मिनिटांचे ६६ दिवस, पंधरा मिनिटांचे २००. एक मिनिटावर ‘माझी पद्धत ऐंशी टक्के चालते’ म्हणणाऱ्याने किती दिवसांवर तपासलं ते यातून कळतं. ॲमीब्रोकरमध्ये मर्यादा डेटाबेस सेटिंग्जमधल्या ‘नंबर ऑफ बार्स’ची, तो आकडा कमी असेल तर जुना डेटा बॅकफिलमध्ये येऊनही दिसत नाही. संपलेल्या ऑप्शनचा मिनिटांचा डेटा बऱ्याच ब्रोकरच्या एपीआयमधून (प्रोग्रामने डेटा घेण्याच्या सोयीतून) एक्स्पायरीनंतर मिळत नाही. हवा असेल तर रोज स्वतः साठवा.

२०० चा ईएमए (ताज्या भावांना जास्त वजन देणारी सरासरी) दोनशे कँडलनंतर दिसू लागतो, पण तेव्हा तो तयार झालेला नसतो: सुरुवातीच्या भावाचं वजन त्यात अजून साधारण १३ टक्के असतं. सहाशे कँडलनंतर ते पाव टक्क्यावर येतं. १४ चा आरएसआय नीट बसायला शंभरेक कँडल लागतात. दोन सॉफ्टवेअरमधला इंडिकेटर जुळत नसेल तर दोन्हींत किती मागून डेटा सुरू होतो ते आधी मोजा. बेळगावची एक्वस डिसेंबर २०२५ मध्ये लिस्ट झाली. अशा नव्या शेअरला पहिल्या दोनशे दिवसांत २०० ची सरासरी नसते आणि त्यानंतरही कितीतरी दिवस तिच्या ईएमएवर निर्णय घेऊ नये.

निफ्टीच्या चार्टवर व्हीडब्ल्यूएपी (व्हॉल्यूमने तोललेला सरासरी भाव) लावणं थांबवा. निर्देशांकाचे सौदे होत नाहीत, व्हॉल्यूम कुठे शून्य तर कुठे पन्नास कंपन्यांची बेरीज. फ्युचरच्या चार्टवर लावा. हायकिन-आशी कँडलवरचा भाव हा सरासरीचा भाव आहे, त्या भावाला कुणीही विकत नाही. त्यावर केलेला बॅकटेस्ट नेहमी सुंदर येतो आणि खिसा नेहमी रिकामा होतो. सिग्नलचा बाण मागाहून जागा बदलतो का हे बघायला एक सत्र चार्ट चालू ठेवून बाण आला की लगेच स्क्रीनशॉट घ्या, संध्याकाळी पान लोड करून ताडून बघा. झिगझॅगवर (मागाहून ठरणाऱ्या वळणांच्या रेघेवर) आधारलेला प्रत्येक इंडिकेटर या परीक्षेत नापास होतो.

विचित्र दिवस

२४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसईचे सौदे ११:४० ला थांबले आणि ३:४५ ते ५:०० पुन्हा चालले. ज्यांच्या सॉफ्टवेअरला ३:३० चा फिल्टर होता त्यांच्याकडे त्या दिवसाचा शेवट गायब आहे. २८ ऑक्टोबर २०२५ ला एमसीएक्स हे कमोडिटी एक्स्चेंज चार तासांहून जास्त उशिरा, दुपारी १:२५ ला सुरू झालं. २ मार्च आणि १८ मे २०२४ या शनिवारी पर्यायी केंद्राच्या चाचणीसाठी दोन छोटी सत्रं झाली, १ फेब्रुवारी २०२५ ला बजेटसाठी शनिवारी पूर्ण बाजार होता, आणि दिवाळीचा मुहूर्त दरवर्षी तासाभराचा. इंट्राडेच्या बॅकटेस्टमधून हे दिवस वगळा. आठवड्याच्या चार्टवर शनिवार कुठे मोजला जातो तेही दोन सॉफ्टवेअरमध्ये ताडून पाहा.

संध्याकाळची भावकॉपी

एनएसईच्या संकेतस्थळावरून दिवसाची भावकॉपी उतरवा आणि पाच शेअरचे ओपन, हाय, लो, क्लोज, व्हॉल्यूम चार्टशी जुळवा: दोन मोठे, दोन पातळ, एक नुकताच स्प्लिट झालेला. हाय-लो जुळले आणि क्लोज नाही, तर ‘क्लोज-लास्ट’चा फरक. व्हॉल्यूम थोडा कमी, तर प्री-ओपन किंवा ३:४० नंतरच्या सत्राचे सौदे चार्टमध्ये नाहीत. सगळेच आकडे एका पटीत वेगळे, तर ॲडजस्टमेंट. हाय किंवा लो एकटाच वेगळा, तर फीडचे फोटो किंवा खोटी टिक (चुकून आलेला भाव). ती टिक ॲमीब्रोकरच्या क्वोट एडिटरमध्ये हाताने दुरुस्त करता येते.

भावकॉपीचा साचा ८ जुलै २०२४ पासून बदलला आहे. कॉलमची नावं, क्रम आणि फाइलचं नाव सगळंच नवं, त्यामुळे त्याआधीची डाउनलोडर स्क्रिप्ट चालणार नाही. विंडोजचा रीजनही तपासा: अमेरिकन ठेवला असेल तर ०७-०३ ही सात मार्च न वाचता तीन जुलै वाचली जाते आणि चार्टवर भविष्यातल्या कँडल उगवतात. बारा तारखेपर्यंतच गोंधळ आणि तेरापासून सगळं ठीक, असं दिसलं की कारण हेच. कन्नड किंवा मराठी रीजन ठेवला असेल तर इंग्रजी महिन्याचं नाव असलेली तारीख काही सॉफ्टवेअरला वाचता येत नाही, इंग्लिश-इंडिया ठेवा.

ऑर्डर परत आली तर टिक साइझ (भाव ज्या किमान टप्प्याने बदलतो तो) बघा. एप्रिल २०२५ पासून एनएसईवर २५० रुपयांखालच्या शेअरला १ पैसा, २५० ते १,००० ला ५ पैसे, १,००० ते ५,००० ला १० पैसे, त्यावर आणखी मोठे टप्पे. चार्टवर रेघ ओढून १,२३४.५५ चा स्टॉपलॉस दिला तर तो नाकारला जातो. १,२३४.५० द्या.

सगळंच बंद पडलं तर

ब्रोकरचा कॉल-अँड-ट्रेड नंबर कागदावर लिहून टर्मिनलशेजारी चिकटवा. ॲप बंद पडल्यावर तो ॲपमध्ये शोधता येत नाही. ब्रोकरची यंत्रणा पूर्ण कोलमडली तर एक्स्चेंजची आयआरआरए (इन्व्हेस्टर रिस्क रिडक्शन ॲक्सेस) ही सोय आहे. ती ग्राहकाने सुरू करायची नसते. सुरू झाली की लिंक तुमच्या नोंदवलेल्या मोबाइलवर आणि ईमेलवर येते, आणि तिथून फक्त उघडे सौदे बंद करता येतात, नवे नाही. तेव्हा ब्रोकरकडे नोंदवलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, हे आजच बघा.

तक्रार करायची असेल तर स्क्रीनशॉट कापू नका. कॉम्प्युटरचं घड्याळ, सिम्बॉल, एक्स्चेंज, टाइमफ्रेम आणि एलटीटी हे पाचही त्यात दिसले पाहिजेत. सोबत ऑर्डर नंबर, ट्रेड नंबर आणि त्या दिवसाच्या भावकॉपीची ओळ. आधी ब्रोकरला लेखी, मग सेबीच्या स्कोअर्स या तक्रार संकेतस्थळावर, तरी मिटलं नाही तर स्मार्ट ओडीआर या ऑनलाइन तंटा-निवारण संकेतस्थळावर. ‘तुमचा चार्ट चुकला’ एवढंच लिहिलंत तर उत्तर ठरलेलं: चार्ट केवळ माहितीसाठी आहे, आणि ते अटींमध्ये लिहिलेलंही असतं. ‘ऑर्डर क्रमांक अमुक, ट्रिगर अमुक, एक्स्चेंजवर त्या वेळी सौदा या भावाला झाला, तरी ऑर्डर गेली नाही’ असं लिहिलंत की त्यांना लॉग काढावा लागतो.